गाळलेला गुणधर्म

"पण 'बारमाही' म्हणजे नेमकं काय, बाबा?"

सुमेध वाघचौरेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा अदबीनं विचारलं होतं, दुसऱ्यांदा घाईनं. आता तो वैतागला होता.

बाबा शिंदीच्या पात्यांचा झाडू बांधत होते. सुतळीचा वेढा ओढून त्यांनी गाठ मारली आणि मग बोलले.

"बारा महिने पाणी."

"पुरते बारा? की आठ-नऊ महिने असलं तरी तुमच्या वेळी बारमाहीच म्हणायचे?"

"सायेब, महिने काय मी ठरवलेत?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून सुमेधला जास्तच झोंबलं.

वैशाखातली दुपार. पीराच्या टेकडीवर दर्ग्याच्या ओट्यावर हे दोघेच. असल्या उन्हात नवस फेडायलाही कुणी येत नाही.

बाबा म्हणजे दस्तगीर मुलाणी, वय एक्क्याऐंशी. उभी हयात या डोंगरांतून साखळी ओढत मोजणी करण्यात गेली. नोकरी संपली आणि ते दर्ग्याचं आवार झाडायला लागले, ते आजतागायत. लोक त्यांना मोजणीबाबा म्हणतात. बांधावरून दोन भाऊ हातघाईवर आले की टेकडी चढून येतात. बाबा त्यांच्याबरोबर जातात, शेताच्या कडेनं चालतात, आणि जिथं थांबतात तिथं दगड पुरला जातो. पुढं भांडण नाही, अपील नाही. यात काही चमत्कार आहे असं लोक म्हणतात. असेल बापडा.

आणि सुमेध? छत्तिशीचा, शहरातला, नकाशांच्या संगणकातला जाणकार. तो जाणकार आहे हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नसे, तोच सांगायचा.

त्याचं काम असं. जिल्ह्यातल्या झऱ्यांच्या, विहिरींच्या, खडकांच्या जुन्या मोजणीवह्या सडत पडल्या होत्या. दोनशे बारा वह्या. त्यांचे फोटो काढून मजकूर संगणकात घ्यायचा आणि नकाशावर शोधता येईल असा करायचा. आता वह्यांत काय, ज्यानं त्यानं मनाला येईल तसं लिहिलेलं. 'पाणी गोड.' 'कातळ फुटका.' 'उतार बैलाला अवघड.' यातलं शोधायचं काय आणि कसं? एका समितीनं तीन वर्षं बैठका घेतल्या, चहा प्याला आणि अकरा गुणधर्म ठरवले.

सुमेधनं प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम वह्या वाचणार, वारंवार येणारे शब्द उचलणार, प्रत्येकाचा एक गुणधर्म करणार, त्याची एका ओळीची व्याख्या आपोआप लिहिणार, आणि तो नकाशाला जोडून देणार. एका दिवसात सहाशे चाळीस गुणधर्म! 'बारमाही झरा' एवढं टाइप करा, की नकाशावर निळे ठिपके उजळलेच. सभेत टाळ्या पडल्या. सुमेध तेव्हा म्हणाला होता, "आता कुणाला डोंगर चढायची गरज नाही."

त्यातला एक निळा ठिपका कातळवाडीच्या डोक्यावर होता. गवळझरा.

झालं. गवळझऱ्यावर टाकी बांधायची आणि पाइपानं पाणी वाडीत आणायचं, असं ठरलं. सोमवारी सुमेधनं 'माहिती तपासलेली आहे' असा दाखला दिला की काम सुरू. आणि योजना सुरू झाली की नियमाप्रमाणे वाडीचा टँकर बंद.

आज शनिवार. फायलीला झऱ्याचा एक फोटो लावायचा राहिला होता, म्हणून सुमेध सकाळी वाडीत गेला. तिथं त्याला गोदाक्का भेटली. साठीची बाई, अंगानं काटकुळी आणि तोंडानं फटकळ. तिनं त्याला दोन तास चढवलं आणि एका कपारीपुढं उभं केलं.

झरा कसला न् काय! खडकावर वाळून कोळ झालेलं शेवाळ, आणि पाण्याचं नाव नाही.

गोदाक्कानं बरोबर आणलेला तांब्या त्याच्या हातात दिला. रिकामा.

"भरा सायेब. तुमच्या मशिनीत बारमाही हाय न्हवं? मंग भरा की."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आक्का?"

"सांगितलं की! तर म्हणले, संगणकात दिसतंय, तू कोण सांगणार? माझ्या सासूनंबी पावसाळा सोडून हितं थेंब बघितला न्हाई. पर ती काय संगणक हुती व्हय?"

सुमेध तो तांब्या तसाच परत देऊन डोंगर उतरला. खाली आल्यावर त्यानं वहीच्या पानाचा फोटो उघडला. खाली सही होती, द. मुलाणी. या खोऱ्यातल्या अडतीसही वह्यांवर तीच सही. माणूस जिवंत आहे आणि समोरच्याच टेकडीवर राहतो, असं वाडीतल्या लोकांनी सांगितलं. तसाच उपाशीपोटी तो टेकडी चढून आला होता.

"हे बघा, बाबा," तो आता म्हणाला, आणि मांडीवरचा लॅपटॉप त्यानं त्यांच्याकडं वळवला. "प्रोग्रॅमनं व्याख्या लिहिलीय. 'बारमाही : वर्षाचे बाराही महिने पाणी असणारा. उत्तर, हो किंवा नाही. शोधण्याजोगा.' तुमच्या वेळची व्याख्या वेगळी असेल तर सांगा. मी एक ओळ बदलतो. संपलं काम."

"संपतंय?"

"संपावं हो, बाबा..."

हे त्याच्या तोंडून निसटलं. बोलायचं नव्हतं. एकोणीस महिने झाले होते या कामाला. रविवार नाही, सणवार नाही. डोळे मिटले तरी त्याला रकाने दिसायचे.

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या बुटांकडं पाहिलं.

"माझं अक्षर दाखीव."

सुमेधनं फोटो उघडला. वही सत्तावीस, पान चौदा. शाई विटली होती, पण अक्षर मोत्यासारखं. दोन ओळी होत्या.

पहिली : मोरदऱ्याचा झरा. बारमाही. पाणी गोड. घागर भरण्यास दहा मिनिटे.

दुसरी : गवळझरा. वरीलप्रमाणे.

बाबा बराच वेळ बघत राहिले. त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर आलं.

"हितं बारमाही कुटं लिवलंय?"

"वर आहे की."

"मी खाली इचारतोय."

"अहो, वरीलप्रमाणे म्हणजे जे वर तेच खाली. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"तुला कुणी सांगितलं?"

सुमेधला हसू आलं. थकलेलं हसू, पण त्यात तोरा होताच.

"बाबा, हाच तर शब्द मी सगळ्यात हुशारीनं सोडवला. सगळ्या वह्यांत मिळून अकरा हजार चारशे सहा वेळा आलाय तो. एवढा दुसरा कुठलाच शब्द नाही. प्रोग्रॅमनं त्याचाही गुणधर्म करून ठेवला होता! मी म्हटलं, वरीलप्रमाणे ही काय माती आहे, का दगड आहे? लोक हसतील. मी तो गाळून टाकला. मशिनला शिकवलं, हा शब्द दिसला की वरच्या ओळीतलं उचल, खाली भर आणि हा शब्द फेकून दे."

"फेकलास?"

"फेकला. होते सहाशे एक्केचाळीस. ठेवले सहाशे चाळीस."

सुमेधनं यादी उघडून लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, खोलीत गेले आणि करंजाच्या तेलाची वाटी घेऊन आले. मग ओट्यावर न बसता खालच्या पायरीवर बसले.

"बूट काढ."

"काय?"

"बूट काढ, सायेब."

सुमेधनं बूट काढले. मोजे टाचेला चिकटले होते. ते ओढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही टाचा सोललेल्या, अंगठ्याला फोड.

बाबांनी त्याचा उजवा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अहो बाबा! हे काय! सोडा, सोडा, तुमच्या वयाला हे..."

"गप बस."

"मी तुमच्या पाया पडायचं, की तुम्ही माझ्या..."

"गप बस म्हणतो न्हवं."

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्याच्या पायावर अख्खं खोरं डोकं ठेवतं, तो या पोराच्या टाचेला तेल लावायला लागला. सुमेधला पाय ओढून घ्यावासा वाटत होता आणि बरंही वाटत होतं. खोटं कशाला बोला.

"गवळझऱ्यावर गेला हुतास न्हवं आज?"

"हो. सकाळी."

"कसं हाय तितं?"

"म्हणजे?"

"जागा कशी हाय? सांग की."

"एक उंबर आहे. मोठा आहे. त्याच्या मागं कपार, उत्तरेकडं तोंड असलेली. आत वाकून जावं लागतं."

"वाकून व्हय?"

"हो. छातीएवढीच उंच आहे."

"आन्‌ आत?"

"आत थोडा सपाट खडक. बाजूला कुणीतरी पूर्वी दगड रचलेत, बहुतेक गुरांनी येऊ नये म्हणून."

"दगड रचल्यात..." बाबांचा हात थांबला. "आसं हाय तर."

सुमेध त्यांच्याकडं बघतच राहिला. म्हातारा कान देऊन ऐकत होता. एखाद्या लांबच्या गावाबद्दल पहिल्यांदाच कुणी सांगावं, तसा.

"बाबा... तुम्ही तिथं गेला नव्हता."

बाबांनी पाय सोडला नाही. मानही वर केली नाही.

"ह्ये पाय गेले. माझे न्हाई गेले."

वाऱ्यानं दर्ग्यावरचं निशाण थोडं हललं आणि पुन्हा पडलं.

"शेचाळीस वर्सं झाली," बाबा म्हणाले. "आसाच वैशाख हुता. पाचवा दिस फिरतीचा. साखळी धरणारा गडी तापानं फणफणला, म्हणून त्याला परत धाडला. मोरदरा मी एकट्यानं केला. तितं बसलो, घागर भरून बघितली, घड्याळ लावलं. ती ओळ खरी हाय. मंग खाली उतरलो. वर बघितलं तर कड्यात उंबर हिरवागार. म्हटलं, उंबर हाय तर पाणी आसंलच. दोन तासांचा चढ. पाय उचलंना. झाडाखाली बसलो, वही काढली आन्‌..."

"आणि वरीलप्रमाणे लिहिलं."

"व्हय."

सुमेधनं पाय ओढून घेतला. तेलाची वाटी कलंडली.

"शाब्बास! शाब्बास बाबा! अहो, वाडीचा टँकर बंद होणार आहे त्या एका शब्दापायी! ती बाई माझ्या हातात रिकामा तांब्या देते, आणि तुम्ही इथं संत म्हणून बसलाय? लोक तुमच्या शब्दावर बांध घालतात! किती वेळा केलंत असं? सांगा ना, किती वेळा?"

त्याचा आवाज चढला होता. इतकं मोठ्यानं तो कित्येक महिन्यांत कुणावर बोलला नव्हता. बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मोजलं न्हाई," ते म्हणाले. "सकाळच्या ओळी खऱ्या. दुपारनंतरच्या... काय खऱ्या, काय न्हाई."

सुमेधमधला प्रोग्रॅमवाला तेवढ्यातही जागा झाला. काय म्हणावं या जातीला!

"वेळ लिहिलीय का कुठं? वेळ असली तर दुपारनंतरच्या सगळ्या नोंदी मी बाजूला काढतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"दमलेला माणूस वेळ कशाला लिवंल, लेका? आन्‌ मी एकटाच न्हवतो. दोनशे बारा वह्या हायेत. सगळ्यांला पाय हुते."

सुमेध डोकं धरून बसला. अकरा हजार चारशे सहा. त्यातल्या खऱ्या कोणत्या? प्रत्येक ठिपक्याखाली एक वाडी, नाहीतर एक पाडा.

बाबांनी वाटी सरळ केली. उरलंसुरलं तेल बोटावर घेऊन त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला चोळलं.

"एक इचारू?" ते म्हणाले.

"विचारा."

"ते सहाशे चाळीस. त्याच्या पुढं एक रकाना हाय. प्रत्येक ओळीत 'तपासले' म्हणून लिवलंय, आन्‌ तुझं नाव. तू तपासलंस?"

सुमेधनं स्क्रीनकडं पाहिलं. बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती. रकाना समोरच होता, वरपासून खालपर्यंत. तपासले, सु. वाघचौरे. तपासले, सु. वाघचौरे. तपासले, सु. वाघचौरे.

"हो... म्हणजे, तपासणी झालीय."

"तारीखबी हाय व्हय त्याच्यात?"

"आहे."

"समद्यांची एकच दिसती. मिनिटबी एकच. सहाशे चाळीस व्याख्या एका मिनटात वाचल्यास?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. त्याच्याकडं सबबी होत्या. 'सिस्टिमनं तारीख टाकली', 'सहकाऱ्यानं वाचल्या', 'ती जुनी फाइल आहे'. कुठलीही चालली असती, म्हाताऱ्याला त्यातलं काय कळणार होतं! पण टाचेवरचं तेल अजून ओलं होतं, आणि त्याला आता कंटाळा आला होता. कामाचा, आणि स्वतःच्या हुशारीचाही.

"पहिल्या चाळीस वाचल्या," तो म्हणाला. "नीट वाचल्या, बाबा. शपथ घेऊन सांगतो. दुसऱ्या दिवशी सादरीकरण होतं. डोळे उघडे राहत नव्हते. मग चाळिसाव्या ओळीतलं 'तपासले' माउसनं धरलं..."

"आन्‌?"

"आणि खाली ओढलं. शेवटपर्यंत. एका झटक्यात भरतं ते."

"कुणी पकडलं न्हाई?"

"नाही."

"मलाबी न्हाई."

उन्हं ओट्यावरून भिंतीवर चढली. बाबांनी अर्धवट झाडू पुन्हा हातात घेतला, पण सुतळी काही ओढली नाही.

मग सुमेध उठला. अनवाणीच आवाराच्या कोपऱ्यात गेला, कारण तिथंच काय ती फोनला रेंज होती. फरशी तापून लाल झाली होती. त्यानं तुंगार मॅडमना फोन लावला. त्या त्याच्या वरिष्ठ. दाखल्यावर त्याची सही झाली की खाली त्यांची व्हायची.

"मॅडम, सोमवारचा दाखला मी देणार नाही."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"वाघचौरे, ऊन लागलंय का तुम्हाला?"

"गवळझरा कोरडा आहे. मी तिथूनच आलो. आणि मी सहाशे चाळीस गुणधर्म तपासलेले नाहीत. फक्त चाळीस तपासले. बाकीच्यांपुढं नुसतं लिहिलंय."

"..."

"मॅडम?"

"ऐकतेय." त्यांचा आवाज खाली गेला होता. "मी पण वाचले नव्हते. तुमची सही होती वर, म्हणून मी खाली केली."

सुमेध भिंतीला टेकला.

"वरचे साहेब पण माझी बघूनच करणार होते," मॅडम म्हणाल्या. "चला. निदान टाकी थांबवते. टँकर चालू राहू दे त्यांचा, तेवढं मी सोमवारी बोलते. तुमच्या कंत्राटाची मुदतवाढ मात्र गेली असं समजा."

"समजलो."

"वाईट वाटतं हो. एवढी मेहनत केलीत." त्या थोड्या थांबल्या. "बरं, एक सांगा. एक झरा तुम्ही चढून गेलात म्हणून कळला. बाकीच्या हजारोंत कुठं कुठं पाणी मुरलंय, हे काढता येईल? पुन्हा माणसं पाठवायची तर कुठं पाठवू? सगळा जिल्हा तर चढता येणार नाही. या संशयाच्या जागा तरी नकाशावर शोधता येतील का?"

"आत्ता तरी नाही येणार."

"का?"

"ज्या शब्दावरून त्या सापडल्या असत्या, तोच मी गाळून टाकलाय."

मॅडमनी फोन ठेवला. रागावून नाही, दमून.

सुमेध परत आला. ओट्यावर न बसता तोही बाबांच्या शेजारी पायरीवर बसला. नोकरी गेल्यातच जमा होती आणि एकोणीस महिने पाण्यात गेले होते. घरी सांगायला तोंड नव्हतं. पण आश्चर्य म्हणजे त्याला भूक लागली होती.

बाबांनी खोलीतून भाकरीचा तुकडा आणि कांदा आणून पुढं ठेवला. त्यानं मुकाट्यानं खाल्ला.

"मी रागाच्या भरात जास्त बोललो, बाबा."

"कमीच बोललास. शेचाळीस वर्सं कुणीतरी यावं आन्‌ बोलावं म्हणून बसलोय. लोक येत्यात, पाया पडत्यात, नारळ ठेवत्यात. इचारीत न्हाई कुणी."

"मग तुम्हीच का नाही गेलात नंतर कधी वर? समोर तर दिसतंय."

बाबा समोरच्या कड्याकडं बघत राहिले. तिथून उंबर दिसत होता, वैशाखातही हिरवा.

"रोज निघतो," ते म्हणाले. "आवार झाडून हुतं, तवर दुपार हुती."

सुमेधनं लॅपटॉप पुढं ओढला. बॅटरी सहा टक्के. तो यादीत अगदी खाली गेला. सहाशे चाळिसाव्या गुणधर्माखाली कर्सर नेऊन त्यानं एक नवी ओळ जोडली. मग मशिनला दिलेला तो हुकूम, 'वरचं उचल, खाली भर, शब्द फेकून दे', तो त्यानं खोडला. अकरा हजार चारशे सहा जागा पुन्हा होत्या तशा झाल्या.

पहिल्या चौकटीत त्यानं नाव टाइप केलं. वरीलप्रमाणे.

दुसरी चौकट व्याख्येची. ती भरल्याशिवाय गुणधर्म शोधता येत नाही, असा नियम त्यानं स्वतःच घालून ठेवला होता. 'आपोआप भरा' असं एक बटण तिथं होतं. त्याचं बोट सवयीनं तिकडं गेलं. त्यानं ते मागं घेतलं.

"बाबा, व्याख्या तुम्ही सांगा," तो म्हणाला. "शब्द तुमचा आहे. एकच ओळ पाहिजे. सगळ्या अकरा हजार जागांना लागू पडली पाहिजे, आणि खोटी नको. काय लिहू?"

बाबांनी झाडूची शेवटची गाठ मारली. सुतळीचं टोक दातानं तोडलं. झाडू बाजूला ठेवून ते भिंतीच्या आधारानं उठले, पायांत वहाणा सरकवल्या आणि कड्याच्या बाजूच्या पायवाटेकडं तोंड करून उभे राहिले.

"लिव, 'हितं माणूस दमला हुता.' ... आन्‌ मंग शोध. बघ किती गावं निघत्यात."